आप्पांचं विशेषण

माझे वडील अंबडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. एका विशेषणावर त्यांचा इतका जीव होता की पोरं त्यांना पाठीमागं 'डिस सर' म्हणायची. मला हे नाव ठाऊक होतं, कारण मीही त्याच वर्गात बसायची. आप्पांनाही ठाऊक असावं. ते हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. फळ्याकडे वळून पुन्हा तोच शब्द लिहायचे, डिसइंटरेस्टेड.

दहावीच्या एका धड्यात न्यायाधीशाबद्दल एक वाक्य होतं आणि त्यात हा शब्द यायचा. दुसऱ्या मास्तरांनी अर्थ सांगून पान उलटलं असतं. आप्पा तिथंच मुक्काम ठोकायचे. फळ्याच्या एका बाजूला डिसइंटरेस्टेड, दुसऱ्या बाजूला अनइंटरेस्टेड लिहायचे आणि फरक विचारायचे. वर्गातला हुशारातला हुशार पोरगाही म्हणायचा, "सर, दोन्हीचा अर्थ एकच, रस नसलेला." मग आप्पांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली.

"बिलकुल नाही," ते म्हणायचे. "कबड्डीचा सामना चालू आहे. ज्याला सामन्यात रस नाही तो अनइंटरेस्टेड. तो झाडाखाली झोपा काढतो. ज्याचा सामन्यात वाटा नाही, कुणीही जिंकलं तरी ज्याला सारखंच, तो डिसइंटरेस्टेड. तो शिट्टी घेऊन उभा राहतो. त्याला झोपून चालत नाही."

मग शब्दाचं मूळ. इंटरेस्ट म्हणजे मुळात मध्ये असणं. लॅटिनमधल्या 'मध्ये' आणि 'असणे' या दोन शब्दांतून तो आला. एखाद्या गोष्टीत तुमचं काहीतरी अडकलेलं असणं, म्हणून हिस्सा, म्हणून हितसंबंध. आवड, कुतूहल हा अर्थ फार मागाहून चिकटला. ज्याचं काही अडकलेलं नाही तोच दोघांच्या भांडणात खरं बोलू शकतो, असं आप्पांचं म्हणणं. हे सांगताना त्यांचा आवाज असा लागायचा की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा कुजबुज थांबवायची.

आप्पा निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत शिकलेले. इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यांच्या डोक्यात आधी उर्दूत उतरायचा आणि मग मराठीत. उर्दूत गरज म्हणजे स्वार्थ. म्हणून डिसइंटरेस्टेड म्हणजे बेगरज आणि अनइंटरेस्टेड म्हणजे बेपर्वा. खुद्द इंग्रजांची पोरं या दोन शब्दांत घोळ घालतात, पण हैदराबादेतला टांगेवाला बेगरज माणसाला बेपर्वा म्हणणार नाही, असं ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. हैदराबादेला ते आयुष्यात गेले असतील नसतील, कुणास ठाऊक.

घरातही हाच कायदा. मी वर्गात असले तरी माझी उत्तरपत्रिका ते स्वतः तपासायचे नाहीत, दुसऱ्या सरांकडे द्यायचे. ते सर अक्षरावरून मार्क कापायचे आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी कुरकुर केली की आई म्हणायची, "वैद्याची पोरं खोकून मरतात, तसलं आहे हे." आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

हायस्कुलात येण्याआधी आप्पा अंबडपासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. माझा जन्म तिथला. आम्ही बौद्ध. गाव शेतकऱ्यांचं, सगळी एकच भावकी. आप्पांना गावानं गुरुजी म्हटलं, मान दिला, पण तो दुरून. त्यांच्या हातून गावातली निम्मी पोरं लिहायला शिकली आणि त्याच पोरांच्या घरी आप्पांना ओट्याच्या कडेला बसावं लागलं. पाणी प्यायचं तर वरून ओंजळीत. आप्पा पाणीच मागायचे नाहीत. घरून निघताना पोटभर पिऊन निघायचे.

त्या गावात तीन भाऊ होते. तिघेही आप्पांच्या हाताखाली शिकलेले, आणि त्यातल्या मधल्यावर आप्पांचा जीव होता. त्याचं लग्न झालं तेव्हा मी लहान होते. बायको आणली ती बोलक्या डोळ्यांची, सातवी शिकलेली. तेव्हा त्या गावात सातवी शिकलेली सून म्हणजे अप्रूप होतं. बहात्तरच्या दुष्काळात तिघा भावांनी वावरात विहीर खोदायला घेतली. पाणी काही लागेना. खाली खडक. मग सुरुंग लावायला लागले. एक सुरुंग उडाला नाही म्हणून मधला भाऊ पाहायला खाली उतरला, आणि तेव्हा तो उडाला. वर आणलं तेव्हा तो गेल्ता. पुढे त्याच विहिरीला पाणी लागलं, गोड पाणी. आजूबाजूचं माळरान सुकलेलं असताना तेवढं एक वावर हिरवं राहायला लागलं.

त्याच्या मागं बायको आणि एक लहान पोरगी राहिली. तिच्या माहेरच्यांनी पाठ फिरवली. बहिणीला भेटायला गेलं आणि ती पोरगी घेऊन कायमची मागं लागली तर, ही भीती. आम्ही तोवर अंबडला राहायला आलो होतो. त्या वर्षी राखी पौर्णिमेच्या सुमाराला ती बाजाराला आली आणि शोधत शोधत आमच्या घरी पोचली. पदराच्या गाठीतून एक साधं सूत काढलं आणि आप्पांना म्हणाली, "तुम्ही त्यांचे गुरुजी. मला दुसरं कुणी न्हाई. बांधू का?"

आमच्या घरात सगळे सण सोडलेले. धर्मांतरानंतर आजोबांनीच सोडले होते, आणि आप्पा त्यात भलतेच कडक. दिवाळीला आई गुपचूप काही गोड करायची तर तेही त्यांना खपायचं नाही. पण त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं हात पुढे केला. तेव्हापासून मी तिला आत्या म्हणायला लागले.

दरवर्षी ती यायची. बाजाराच्या दिवशीही कधीमधी यायची. आईजवळ चुलीपुढं बसायची आणि आमच्या ताटात जेवायची. हे तिच्या सासरी कुणाला माहीत नव्हतं. बाजारात वेळ गेला, एवढंच ती सांगायची. आई तिला म्हणायची, "कळलं तर तुझी धडगत न्हाई." ती हसून म्हणायची, "कळवणार कोण, भाकरी?" दुसरं कुणी असतं तर मी त्याला धाडस म्हटलं असतं. आत्याला ते धाडस वाटत नव्हतं. तिला भूक लागलेली असायची आणि आमच्याकडे माया मिळायची, तिच्या लेखी एवढाच हिशोब.

मी दहावीला होते त्या वर्षी दोन्ही दिरांनी वाटणी करायचं ठरवलं. आत्याला तिच्या नवऱ्याचा तिसरा वाटा हवा होता, आणि त्यात विहिरीचं वावर. दुसरं काही नको, तेवढं एक. त्या विहिरीत माणूस गेला आहे, ते पाणी माझ्या पोरीचं आहे, असं ती म्हणायची. थोरल्याला ते मान्य नव्हतं. बाईमाणसाला पोटापुरतं धान्य आणि राहायला एक खोली द्यायची, वावराचे वाटे दोनच, असं त्याचं म्हणणं. धाकटा काठावर होता. कायदा आत्याच्या बाजूनं होता हे आप्पांना माहीत होतं, पण गावात कायदा एसटीनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा.

वाटणीला पंच लागतो. त्या गावची रीत अशी की प्रत्येक वाट्याच्या वावरातलं एकेक ढेकूळ आणून मारुतीच्या पारावर कापडावर ठेवायचं. ढेकळं थोरल्यानं मांडायची आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे मांडणारा लबाडी करत नाही. पण ढेकळं किती ठेवायची हे पंच सांगणार. पंच तीन म्हणाला तर तीन. भावकीतला पंच दोघांनाही नको होता, कारण भावकीतल्या प्रत्येकाचा डोळा कुठल्या ना कुठल्या बांधावर होता. म्हणून एके दिवशी दोघे भाऊ अंबडला आमच्या घरी आले.

दारातच टेकले. आई चहाचं आधण ठेवायच्या भानगडीत पडली नाही, तिला माहीत होतं. धाकटा बोलला, "गुरुजी, पंच म्हणून तुम्हीच बसा. तुमचा आमच्यात कशातच वाटा न्हाई. ना भावकीत, ना सोयऱ्यात, ना बांधाला बांध. तुमच्यावाणी माणूस गावात शोधून सापडायचा न्हाई." थोरल्यानं मान हलवली. त्याला वाटत असावं, गुरुजी मऊ माणूस आहे, आपण मांडू त्याला हो म्हणंल.

आप्पांचा चेहरा मी पाहिला. इतका उजळलेला चेहरा मी त्यांना बढती मिळाली तेव्हाही पाहिला नव्हता. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेला शब्द जणू माणसाचं रूप घेऊन दारात आल्ता. ते हो म्हणाले. मलाही त्या वेळी अभिमानच वाटला. राग फार पुढे आला. या माणसाचा कशातच वाटा नाही असं ते भाऊ म्हणाले ते खरंच होतं, पण तो वाटा कुणी ठेवला नव्हता? ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून पारापर्यंत सगळ्यातून बाहेर ठेवलं, त्याला एके दिवशी बोलवायचं आणि म्हणायचं, तू निःपक्ष आहेस. हा मान होता का? आप्पांनी तो मान म्हणूनच घेतला. त्यांच्या वाट्याला मान इतका कमी आल्ता की कुठल्या रस्त्यानं आला हे त्यांनी विचारलं नाही.

आत्याला कळलं तेव्हा ती बाजाराचं निमित्त काढून धावत आली. दारातूनच आईला मिठी मारली. "वैनी, माझा भाऊ बसणार," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. त्या दिवशी तिनं आमच्याकडे पिठलं केलं. विहिरीकाठी पोरीसाठी एक चिंच लावणार होती, वाफ्यात भाजी करणार होती. असं कितीतरी ती बोलत बसली. आप्पा जेवता जेवता ऐकत होते.

ती गेल्यावर मात्र त्यांनी आईला विचारलं, "मी तिथं बेगरज म्हणून बसायचं. पण मनगटावर तर तिची राखी आहे. हे सांगायला नको?"

आई भांडी घासत होती. ती म्हणाली, "कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"विचारायची वाट पाहायची नसते. आपला संबंध असेल तर आधी सांगायचा. सांगून टाकलं की माणूस मोकळा होतो. मग त्यांना हवं तर ठेवतील, नको तर नाही."

"आणि नको म्हणले तर?"

"ते म्हणणार नाहीत. उलट त्यांचा विश्वास वाढेल."

आई थांबली. मग तिनं जे म्हटलं ते मला लख्ख आठवतं. "ती गोष्ट तुमची एकट्याची आहे का? तिला तरी विचारा. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडायची हौस असली तर आपल्या पायावर पाडावा, दुसऱ्याच्या न्हाई."

आप्पांनी आत्याला विचारलं नाही. का, हे मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. मला वाटतं, तिला विचारणं म्हणजे तिच्याशी संगनमत करणं, असं त्यांना वाटलं असावं. पंचानं आधी एका बाजूशी बोलायचं नसतं. नियम बराबर होता. आप्पांचे सगळेच नियम बराबर असायचे.

वाटणीच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आप्पांनी मला बरोबर घेतलं. एसटीत ते धुतलेला सदरा आणि टोपी सांभाळत ताठ बसले होते. गावात उतरलो तर पारावर घोंगडी अंथरलेली. आप्पांना वर बसवलं. ज्या पाराला वळसा घालून त्यांनी इतकी वर्षं शाळा गाठली, त्याच पारावर. मी खाली, बायका जिथं भिंतीला टेकून उभ्या होत्या तिथं, आत्याजवळ जाऊन उभी राहिले. तिनं डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, पोरीचा हात हातात. मला म्हणाली, "जेवली का गं?" अशा वेळीही.

थोरल्यानं कापड अंथरलं. एक ढेकूळ ठेवलं, काळं, ओलसर. ते विहिरीच्या वावरातलं, हे लांबूनही कळत होतं. मग दुसरं ठेवलं. ते मुरमाड होतं, माळाच्या आणि ओढ्याकाठच्या वावराचं मिळून एकच. मग हात झटकून मागं सरला. सगळे आप्पांकडे पाहायला लागले.

आप्पा उठून उभे राहिले. आत्याला वाटलं आता ते तिसरं ठेवायला सांगणार. मलाही तेच वाटलं.

"वाटे किती ते सांगायच्या आधी," आप्पा म्हणाले, "मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंचाचा कुणाशी संबंध असेल तर तो लपवू नये. ही बाई मला राखी बांधते. मी तिला बहीण मानतो. हे ऐकून तुम्हाला मी पंच म्हणून चालत असेन तर बसतो."

थोरल्यानं सावकाश विचारलं, "म्हंजी ही तुमच्या घरी येती?"

"येते."

"आत बसती?"

"बहीण आहे. आतच बसते."

"जेवती?"

इथं आप्पा घुटमळले. तेवढ्या वेळात त्यांना कळलं असणार, आपण कुठं येऊन पोचलो ते. तोंड मिटून बसता आलं असतं. खोटं बोलता आलं असतं, किंवा हा प्रश्न वाटणीचा नाही असं म्हणता आलं असतं. पण त्यांना ते जमलं नाही.

"जेवते," आप्पा म्हणाले.

थोरल्यानं सगळ्यांकडे वळून पाहिलं. आवाज चढवला नाही. "ऐकलं ना सगळ्यांनी," एवढंच म्हणाला. मग आप्पांना म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच म्हणून राह्यलात तुमचा संबंध हाय म्हणून. मंग उठा."

धाकटा मान खाली घालून बसला होता. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. आप्पा पारावरून उतरले, चपला घातल्या आणि भिंतीपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या जागी भावकीतला एक चुलता बसला. तो म्हणाला, वाटे दोनच. धाकट्यानं वाकून काळं ढेकूळ उचललं, आणि थोरल्याला माळ आणि ओढा आला. रीत अगदी बराबर पाळली गेली, कुणीच लबाडी केली नाही.

आत्या रडली नाही. तिच्या शेजारी उभी असलेली जाऊ दोन पावलं बाजूला सरकली, आणि मग दुसरी बाईही सरकली. आत्याच्या भोवती जरा मोकळी जागा झाली, आणि त्या जागेत ती, तिची पोरगी आणि मी. आप्पा जवळ येऊन म्हणाले, "आपण कोर्टात जाऊ. तुझा हक्क आहे. मी साक्ष देतो." तिनं फक्त मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग ती पोरीला घेऊन घराकडे गेली.

त्या घरात तिचं ताट वेगळं झालं. पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, चुलीजवळ जायचं नाही. धान्य मोजून खोलीच्या दारात ठेवायचे. आमच्या घरी आजोबांनी जे भोगून मोडून टाकलं होतं, ते तिला आमच्यामुळे मिळालं. आई आप्पांना त्यावरून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं.

अंबडला कोर्ट होतं, वकील होता. आप्पांनी कागद तयार करून ठेवले. आत्या एकदा बाजारात भेटली तेव्हा आप्पांनी विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, "कोर्टातबी हेच इचारतील, दादा. जेवती का, बसती का. तिथं सगळा तालुका ऐकंल. माझी पोरगी मोठी होऊन राह्यली, तिला मंग कोण करून घेईल?" वकिलाचे कागद कपाटातच राहिले.

सगळ्यात वाईट हे की गावात आणि अंबडात लोक म्हणायला लागले, गुरुजींनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. शाळेतल्या एका मास्तरांनी तर मला तोंडावर सांगितलं, "तुझ्या वडलांना त्या बाईचं काही पडलेलं नव्हतं, म्हणून उठले." ज्या दोन शब्दांतला फरक शिकवण्यात माझ्या वडलांची हयात गेली, त्यांचा घोळ सगळ्या तालुक्यानं घातला, आणि तोही त्यांच्याच बाबतीत. मी त्या मास्तरांशी भांडले. पण घरी येताना मला वाटलं, आत्याच्या बाजूनं पाहिलं तर काय फरक पडला? बेगरज माणूस उठला आणि बेपर्वा माणूस उठला, जागा दोन्ही वेळा सारखीच रिकामी झाली.

पुढे मीही इंग्रजीच शिकवायला लागले. एकदा एका जाड शब्दकोशात वाचलं की काही शतकांपूर्वी हे दोन्ही शब्द उलटे चालायचे. डिसइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला आणि अनइंटरेस्टेड म्हणजे निःपक्ष. मग कधीतरी त्यांनी जागा बदलल्या. मला वाटलं, आप्पांना सांगावं, ते चकित होतील. सांगितलं. ते तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "मग मी पोरांना चूक शिकवलं?" नाही, आजचा अर्थ तुम्ही सांगत होता तोच, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. पण त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवलाच नाही. मी उगाच सांगितलं.

आत्यानं गाव सोडलं ते वाटणीनंतरच्या उन्हाळ्यातच. नवीन जालन्याला स्टेशनच्या मागं तिनं एक खोली घेतली आणि बियाण्यांच्या प्लॉटवर कामाला जायला लागली. कपाशीच्या फुलांचं परागीकरण करायचं, हातानं, एकेक फूल. पोरीला तिथल्या शाळेत घातलं. तिथं तिला कुणी विचारत नव्हतं, कुणाकडे जेवती म्हणून. पण आमच्याकडे येणं थांबलं.

राखी पौर्णिमा आली. आप्पा सकाळपासून दाराकडे बघत होते. दुपार झाली तेव्हा त्यांनी मला म्हटलं, "चल, आपणच जाऊ." आम्ही जालन्याची एसटी धरली. खोली शोधायला वेळ लागला. आत्या नुकतीच प्लॉटवरून आल्ती, बोटं पिवळी झालेली. आम्हाला पाहून तिचा चेहरा फुलला, आणि त्यात काही खोटं नव्हतं. तिनं सतरंजी टाकली, पाणी दिलं, पोरीला साखर आणायला पिटाळलं. आईची चौकशी केली, माझ्या कॉलेजची केली. वाटणीचा विषय कुणीच काढला नाही.

चहा झाला. आप्पा उठायला तयार नव्हते. शेवटी त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि उजवा हात तिच्यापुढं धरला. खिशातून त्यांनी सुताचा एक तुकडाही काढला. येताना कुठून घेतला होता, मला माहीत नाही.

आत्यानं त्या सुताकडे पाहिलं. मग हळूच ते घेऊन त्यांच्याच मुठीत परत ठेवलं आणि मूठ मिटली.

"राहू द्या, दादा," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आज हे लिहायला बसले नसते. "पुढं पोरीचं लग्न हाय, सोयरीक ठरवायला चार माणसांत बसायची येळ येईल. तुमच्याबिगर मला बसवायला कोण हाय? धागा बांधला तर तुम्ही पुन्हा उठून उभे राहाल."